रुसलेला रिमोट

दोस्तांनो, सामना रंगात आलाय, शेवटचं षटक उरलंय आणि आवाज वाढवायला जावं तर रिमोट ढिम्म! मग आपण काय करतो? तळहातावर दोन धपाटे. गंमत म्हणजे पुष्कळदा तो चालूही होतो. आई म्हणते, "मार खाल्ल्याशिवाय ऐकत नाही मेला!" पण मार खाऊन कुणी सुधारतं का? धपाट्याने आतले सेल जरासे हलतात आणि स्प्रिंगला नीट टेकतात, एवढंच. म्हणजे रिमोटने आपलं दुखणं सांगितलं. ऐकायचं ते आपण.

दुरुस्तीचा पहिला नियम : एका वेळी एकच गोष्ट तपासायची. सगळंच एकदम बदललं, तर बिघाड कुठे होता ते कळणारच नाही.

आधी ठरवू, दोष रिमोटचा की टीव्हीचा? रिमोटच्या टोकाला चिमुकला दिवा असतो. त्यातून निघणारे अवरक्त किरण आपल्याला दिसत नाहीत, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला बहुधा दिसतात. तो दिवा कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला, तर रिमोट आपलं काम करतोय. टीव्हीच्या पुढ्यात फुलदाणी वगैरे आडवी नाही ना, ते बघा! मागच्या कॅमेऱ्यात ठिपका दिसला नाही, तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात पाहा. काही नवे रिमोट ब्लूटूथवर चालतात. त्यांना ही परीक्षा लागू नाही.

ठिपका नाहीच? मग झाकण काढा. सेल अधिक-उणे खुणांप्रमाणे बसलेत का? बदलायचे तर दोन्ही एकदम बदला. नव्याबरोबर जुना जुंपला, की जुना आधी संपतो आणि गळू शकतो. स्प्रिंगवर पांढरट किंवा हिरवट पूड दिसली, तर हात लावू नका. गळलेल्या सेलमधलं रसायन कातडीला आणि डोळ्यांना इजा करतं. ते काम बाबांनी किंवा आईने हातमोजे घालून करायचं. नुसता मळ असेल, तर खोडरबराने हलकेच घासा आणि कचरा झटकून टाका.

काहीच बटणं चालत नाहीत का? प्रत्येक बटणाखाली काळी टिकली असते. बटण दाबलं, की ती खालच्या पट्टीवरच्या दोन रेषा जोडते. भजी खाताखाता रिमोट हाताळला, की तेलकट मळ आत शिरतो आणि रेषा जुळत नाहीत. मोठ्यांच्या मदतीने सेल काढून रिमोट उघडा, स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने टिकल्या आणि पट्टी पुसा. पूर्ण वाळल्यावरच सेल घाला. जवळपास पेटता गॅस नको हं!

आता सगळ्यात महत्त्वाचं. रिमोट उघडायचा, टीव्ही नाही! दोन सेलचे मिळून होतात ३ व्होल्ट. भिंतीतल्या प्लगमध्ये असतात २३० व्होल्ट. जुन्या, पेटीसारख्या टीव्हीत तर प्लग काढल्यावरही वीज साठून राहते. म्हणून ज्याची वायर भिंतीकडे जाते, त्याला स्क्रू-ड्रायव्हर लावायचा नाही. ते काम जाणकाराचं.

पुढच्या वेळी पाहू भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ. तोवर रिमोटला धपाटे बंद!