भाव बघता, पण कळवता का?

एका अवकाश-खेळात हजारो खेळाडू एकमेकांना बाजारभाव फुकटात कळवतात. पगार नाही, बक्षीस नाही. मग ही व्यवस्था चालते कशावर, आणि अडते कुठे?

शंभर टन सोनं. माझ्या जहाजात जेमतेम मावलं, आणि गाठीशी होते तेवढे जवळपास सगळे क्रेडिट त्यात गेले. वेबसाइटवर बघितलं होतं, अमुक स्टेशनवर सोन्याला मस्त भाव आहे. तीन-चार जंप मारल्या, ताऱ्याला वळसा घातला, स्टेशनवर उतरले, बाजाराचा स्क्रीन उघडला. मागणी संपलेली! भाव माझ्या खरेदीपेक्षाही खाली. परत वेबसाइट उघडली, तेव्हा भावाच्या शेजारचा बारीक अक्षरातला मजकूर पहिल्यांदा नीट वाचला. 'चार दिवसांपूर्वी.'

मावसभावाला फोन केला. हा खेळ मला त्यानेच लावला. दादा हसला आणि म्हणाला, "तू आजपर्यंत किती स्टेशनांचे भाव पाठवलेस?"

एकाही नाही. भाव 'पाठवायचे' असतात हेच मला माहीत नव्हतं. मला वाटलं, वेबसाइट आहे म्हणजे भाव आपोआप येत असणार. पेपरात सोन्याचा भाव येतो तसा. (पेपरात इंटर्नशिप करून झाल्यावर कळलं, तोही आपोआप येत नाही. कोणीतरी फोन लावतं.)

खेळ काय आहे?

'एलिट डेंजरस' हा ब्रिटनमधल्या केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स कंपनीचा खेळ. आला डिसेंबर २०१४ मध्ये, पण मूळ त्याच्याही तीस वर्षं मागे. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोघांनी बीबीसी मायक्रो नावाच्या कॉम्प्युटरसाठी 'एलिट' बनवला होता. त्यातही मुख्य धंदा हाच: इथे स्वस्त घ्या, तिथे महाग विका, वाटेत लुटारूंपासून जीव वाचवा.

नव्या खेळात आपली अख्खी आकाशगंगा आहे, सुमारे ४० हजार कोटी तारे. माणसांची वस्ती त्यातल्या फार थोड्या ताऱ्यांभोवती, पण तीही एका माणसाला आयुष्यभरात फिरून होणार नाही एवढी. प्रत्येक स्टेशनचा बाजार वेगळा. शेतीच्या ग्रहावर धान्य स्वस्त, खाणवाल्यांकडे महाग. तुम्ही माल ओतला की मागणी घटते आणि भाव उतरतो. काही काळ कोणी फिरकलं नाही की पुन्हा चढतो.

गोची अशी, की तुम्ही ज्या स्टेशनवर उभे आहात तिथला ताजा भाव पूर्ण दिसतो. लांबच्या, कधी न गेलेल्या स्टेशनवर आत्ता काय चाललंय, ते खेळ सांगत नाही. म्हणजे प्रत्येक व्यापारी आपापल्या बंदरापुरता शहाणा. ही उणीव खेळाडूंनी स्वतः भरून काढली.

स्क्रीनशॉटपासून सुरुवात

सुरुवातीला लोक भाव हाताने टाइप करायचे. मग कोणीतरी बाजाराच्या स्क्रीनशॉटमधले आकडे वाचणारं सॉफ्टवेअर बनवलं. ते कधी ८ ला ३ वाचायचं, पण काम भागायचं. खेळ बाजारात आला त्याच सुमारास 'एलिट डेंजरस डेटा नेटवर्क', म्हणजे ईडीडीएन, उभं राहिलं. तेही खेळाडूंनीच उभारलेलं.

याचा फंडा एकदम सोपा आहे. ईडीडीएन काहीही साठवून ठेवत नाही. ते फक्त दवंडी पिटतं. तुम्ही स्टेशनवर उतरलात, बाजार उघडलात, की तुमच्या कॉम्प्युटरवरचं एक छोटं सॉफ्टवेअर तो भाव ईडीडीएनला पाठवतं. तिथे मजकुराचा साचा बरोबर आहे का एवढं तपासलं जातं आणि त्याच क्षणी तो ऐकणाऱ्या सगळ्यांकडे जातो. इनारा, स्पान्श अशा वेबसाइट तो ऐकतात, जपून ठेवतात आणि तुम्हा-आम्हाला शोधून देतात.

भाव पाठवणारं सर्वांत ओळखीचं सॉफ्टवेअर म्हणजे 'मार्केट कनेक्टर'. कंपनीने आयफोनच्या ॲपसाठी एक वाट ठेवली होती. ती वाट खेळाडूंनी हेरली आणि तिथून आपलाच बाजाराचा डेटा उचलायला लागले. कंपनीने दार लावून घेतलं नाही, उलट पुढे रीतसर लॉगिनची सोय केली. ऑक्टोबर २०१६ च्या अपडेटपासून तर खेळ स्वतःच तुमच्या कॉम्प्युटरवर एक रोजनिशी लिहू लागला: कुठे उतरलात, काय विकलंत, काय शोधलंत. बाहेरच्यांनी टूल्स बनवावीत, हा त्यामागे उघड हेतू होता.

यात विश्वासाचा प्रश्न येतोच. कोणी मुद्दाम खोटा भाव पाठवला तर? ईडीडीएन साचा तपासतं, खरेपणा नाही. पण प्रत्येक संदेशासोबत सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती जाते, त्यामुळे एखादी आवृत्ती गडबड करत असेल तर वेबसाइट तिला गाळू शकतात. पाठवणाऱ्याची ओळख थेट पुढे जात नाही, झाकून पाठवली जाते. शिवाय मार्केट कनेक्टरमध्ये एक पर्याय आहे: 'स्टेशनवर उतरेपर्यंत पाठवू नकोस'. कारण तुम्ही नेमके कुठे आहात हे जगाला आत्ताच्या आत्ता कळलं, तर भावासोबत लुटारूही येऊ शकतो.

आजोबांचा फोन आणि केरळची मासळी

हे सगळं वाचताना मला आजोबा आठवले. कांदा ट्रॅक्टरमध्ये भरण्याआधी ते दोन-तीन बाजार समित्यांतल्या ओळखीच्या लोकांना फोन लावायचे. "आज काय निघाला रे?" एवढंच विचारायचे. आणि स्वतः विकून आले, की संध्याकाळी गल्लीतल्या चार जणांना आपला भाव सांगायचे. न विचारता.

भाव कळण्याने काय फरक पडतो, यावर एक गाजलेला अभ्यास आहे, आणि तो आपल्याच किनाऱ्यावरचा, केरळचा. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळच्या मच्छीमारांची १९९६ ते २००१ या काळातली माहिती जमवली. त्याच काळात तिथे मोबाइल पोचला. त्याआधी एका बंदरावर ताजी तारली गिऱ्हाईक नाही म्हणून समुद्रात टाकून द्यावी लागायची, आणि १५ किलोमीटरच्या आत दुसऱ्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं. मोबाइल आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कुठे जायचं ते ठरवू लागले. फेकून द्यायची मासळी जवळपास संपली. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यांना मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली. दोघांचाही फायदा! हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

खेळात पोटाचा प्रश्न नाही, मान्य. कोणाची चूल माझ्या शंभर टनांवर पेटत नव्हती. पण यंत्रणा तीच आहे, आणि खेळात ती काचेच्या पेटीत ठेवल्यासारखी स्वच्छ दिसते. चालते कशी तेही दिसतं, आणि तडे कुठे जातात तेही.

पहिला तडा: बघणारे फार, कळवणारे कमी

वेबसाइट बघायला काहीच लागत नाही. पाठवायला मात्र सॉफ्टवेअर डाउनलोड करा, लॉगिन करा, खेळताना चालू ठेवा. पाच मिनिटांचं काम, पण तेवढ्यासाठीच राहून जातं. मग होतं काय, गर्दीच्या स्टेशनांचे भाव मिनिटामिनिटाला ताजे, आणि आडबाजूची स्टेशनं चार-चार दिवस शिळी. माझ्यासारखी पन्नास माणसं तो शिळा भाव बघून तिकडे गेली असतील, फसून परत आली असतील, आणि त्यातल्या एकानेही 'इथे मागणी संपली' हे कळवलं नसेल. मीसुद्धा नाही. म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्याला मीच फसवलं, काही न करता.

दुसरा तडा: सगळ्यांना कळलं की झुंड

समजा भाव ताजा आहे आणि भारी आहे. तो एकट्या मला थोडाच दिसतोय? तासाभरात सगळे तिथेच. मागणी संपते, भाव कोसळतो, मागून आलेला डोक्याला हात लावतो. म्हणून मुरलेले खेळाडू सर्वांत वरचा भाव बघत नाहीत. भाव कधीचा आहे आणि मागणी किती टन उरली आहे, हे आधी बघतात. दादाच्या भाषेत, "पहिला नंबर सोड, चौथा-पाचवा पकड."

तिसरा तडा: दुकान कोण उघडं ठेवतंय?

हा मला सर्वांत मोठा वाटतो. 'ईडीडीबी' नावाची एक वेबसाइट होती. अनेक वर्षं व्यापाऱ्यांचा पहिला थांबा तीच. एप्रिल २०२३ मध्ये ती बंद झाली. खेळ चालू, भाव पाठवणारे चालू, ईडीडीएनही चालू, पण ज्या खिडकीतून सगळे बघायचे ती मिटली. लोक इनारा, स्पान्शकडे वळले, काम थांबलं नाही. थांबलं नाही ते एकाच कारणाने: दवंडी सगळ्यांसाठी खुली होती. भाव एकाच वेबसाइटच्या मालकीचे असते, तर त्या दिवशी सगळं शून्यावर आलं असतं.

हेच २०२३ साल आठवा. ट्विटरने बाहेरची ॲप्स बंद पाडली आणि डेटा घेण्याची मोफत वाट जवळपास मिटवली. रेडिटने डेटाचे दर एवढे लावले, की 'अपोलो' हे लोकप्रिय ॲप ३० जूनला बंद झालं. तिथेही मजकूर लोकांनीच लिहिलेला होता. पण दाराची किल्ली कंपनीकडे होती.

याउलट आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' बघा. २००३ पासून चालू असलेला हा खेळही अवकाशातलाच, आणि बाजारासाठी प्रसिद्ध. तिथेही आधी खेळाडूच भाव गोळा करून एकमेकांना पुरवायचे. आता कंपनी स्वतःच अधिकृत वाटेने बाजारातल्या ऑर्डरी खुल्या देते, दर पाच मिनिटांनी ताज्या. कोणी पाठवायची गरजच नाही.

मग एलिटनेही तेच करावं का? सोय होईल हे नक्की. पण एक फरक आहे. तिथे भाव कंपनीने दिला तर तो कंपनी थांबवूही शकते. इथे कंपनीने फक्त रोजनिशी लिहायची सोय ठेवली आहे, बाकीचं लोकांच्या हातात. माझं मत विचाराल तर कंपनीने रोजनिशीची सोय कायम राहील एवढा शब्द द्यावा, आणि लोकांनी दवंडी कोणा एकाच्या घरात बांधून ठेवू नये. पण या दोन्हींपेक्षा स्वस्त उपाय तिसरा आहे, आणि तो आपल्याच हातात आहे.

आता गरज जास्त

फेब्रुवारी २०२५ पासून एलिटमध्ये खेळाडू स्वतः नवीन वस्त्या उभारू शकतात. त्यासाठी पोलाद, ॲल्युमिनियम, टायटॅनियम असा माल हजारो टनांनी लागतो. आता प्रश्न फक्त 'कुठे भाव चांगला' एवढाच नाही, 'कुठे माल शिल्लक आहे' हाही आहे. आणि नवीन स्टेशनांचा बाजार तर कोणालाच माहीत नसतो, जोवर कोणीतरी पहिल्यांदा उतरून तो कळवत नाही.

सोनं शेवटी मी तोट्यात विकलं. मग दादाला फोनवर ठेवून मार्केट कनेक्टर टाकलं, 'स्टेशनचा डेटा पाठवा' या पर्यायापुढे टिक केली आणि रिकाम्या जहाजाने एका आडबाजूच्या छोट्या स्टेशनवर गेले. विकायला काही नव्हतं, घ्यायला पैसे नव्हते. फक्त बाजाराचा स्क्रीन उघडला.

थोड्या वेळाने वेबसाइट रिफ्रेश केली. त्या स्टेशनच्या नावापुढे आधी सहा दिवसांपूर्वीची वेळ होती. आता लिहिलं होतं, 'एक मिनिटापूर्वी.'

दादाला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर आलं, "पुढचं स्टेशन?"