आवाज वाढवण्याआधी

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत खडेबाजारातून चालताना एक गोष्ट हमखास अनुभवाला येते. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रत्येक दुकानासमोर एक उंच स्पीकर उभा असतो, आणि शेजारच्या दुकानाचा आवाज दाबायचा एवढंच त्याचं काम असतं. हातातली पिशवी थरथरते, छातीत धडधड होते आणि आत शिरलेल्या माणसाला वाटतं, वा, काय आवाज आहे! पण तोच स्पीकर आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत आला, की चार दिवसांत शेजारची काकू दार वाजवते आणि आठव्या दिवशी त्यावर फुलदाणी येते.

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये यंदा हाच विषय रंगला आहे. कुणाला होम थिएटर घ्यायचंय, कुणाला साउंडबार, कुणाला मुलीच्या गाण्याच्या क्लाससाठी नुसता चांगला स्पीकर. मी शिकवते अर्थशास्त्र, त्यामुळे आवाजाच्या शास्त्रातलं जे कळतं ते पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना छळून कळलेलं. पण मर्यादित पैशांत निवड कशी करायची, हा तर माझाच विषय! आमच्या घरी गेल्या वर्षी ही खरेदी झाली. बजेट होतं २५,००० रुपये, आणि घरातल्या मागण्या होत्या तीन.

चिरंजीवांना हवं होतं ५.१ होम थिएटर. ह्यांना हवं होतं नाट्यगीतांच्या जुन्या कॅसेटी पुन्हा ऐकता येतील असं काहीतरी. तिसरी मागणी कुणी तोंडाने केलीच नव्हती. माझे सासरे एकोणऐंशी वर्षांचे. रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांना आमच्यात बसणारे बाबा हळूहळू बाहेरच्या खोलीत येईनासे झाले होते. टीव्हीचा आवाज त्यांना पुरेल इतका वाढवला की माझं डोकं उठायचं आणि मुलाचा अभ्यास थांबायचा. कमी केला की त्यांना शब्द कळायचे नाहीत. मग त्यांनी आपणहून माजघरात छोटा रेडिओ कानाशी धरून बसायला सुरुवात केली. "मला काय, सांगली केंद्र लागतंय, पुरे झालं," असं म्हणायचे. घरात भांडण नव्हतं, पण एक खुर्ची रिकामी पडली होती.

आता बाजाराकडे वळू. पहिला अडथळा खोक्यावर छापलेल्या आकड्यांचा. 'पीएमपीओ २००० वॉट' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. या पीएमपीओला सर्वमान्य अशी व्याख्याच नाही. क्षणभर, कुठल्या परिस्थितीत, किती विकृती सोसून तो आकडा गाठला हे कंपनीने ठरवायचं. आपण बघायचे ते 'आरएमएस' वॉट, म्हणजे यंत्र सतत देऊ शकेल अशी शक्ती. तेही लिहिलेले नसतील तर यंत्र उलटं करावं. मागच्या पट्टीवर ते विजेच्या बोर्डातून किती वॉट घेतं हे छापलेलं असतं. चाळीस वॉट खाणारं यंत्र दोन हजार वॉट गाऊ शकत नाही. उत्पन्नापेक्षा खर्च जास्त दाखवणारा ताळेबंद आपण संशयानेच बघतो ना, तसंच हे.

दुसरी गोष्ट त्याहून मजेची. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. वर्गात मी घटत्या उपयोगितेचा सिद्धांत लाडवांच्या उदाहरणाने शिकवते; आता अँप्लिफायरचं उदाहरण घेते. तीस वॉटऐवजी पन्नास वॉटचा अँप्लिफायर घ्यायला जे जास्तीचे पैसे पडतात, ते आवाजात फारसे दिसत नाहीत. त्यापेक्षा स्पीकरची संवेदनक्षमता बघावी. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. ८७ डेसिबलच्या ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेणं म्हणजे अँप्लिफायरचे वॉट फुकटात दुप्पट करणं. घरच्या खोलीत नेहमीच्या आवाजात ऐकताना एखाद-दोन वॉटसुद्धा पुरतात.

तिसरं, ५.१ म्हणजे काय? समोर तीन, मागे दोन असे पाच स्पीकर, आणि तो '.१' म्हणजे फक्त खर्जासाठीचा सबवूफर. चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटल आलं १९९२ मध्ये, 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर. तिथून ही पद्धत घराघरांत उतरली. पद्धत उत्तम आहे. पण २५,००० रुपये सहा खोक्यांत आणि एका अँप्लिफायरमध्ये वाटले, की प्रत्येकाच्या वाट्याला किती येतात ते बघा. शिवाय मागचे दोन स्पीकर लावायचे कुठे? आपल्या घरांत सोफा भिंतीला टेकलेला असतो. मग एक स्पीकर कपाटावर जातो, दुसरा फ्रिजमागे, आणि वायर दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात. त्यात जुने मराठी-हिंदी चित्रपट बहुतेक सगळे मोनो ध्वनीत मुद्रित झालेले. एकाच नळाचं पाणी पाच बादल्यांत वाटलं म्हणून वाढत नाही.

हे सगळं मुलाला पटवायला मला तीन दिवस लागले. पण खरा निर्णय झाला तो दुकानात नव्हे, कानाच्या डॉक्टरांकडे.

वय वाढतं तसं प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येणं कमी होतं. आता भाषेचा विचार करा. अ, आ, ओ हे स्वर खालच्या आणि मधल्या पट्टीत असतात, ठणठणीत असतात. पण स, श, फ, ख, थ, ठ या व्यंजनांची ओळख पटते ती उंच पट्टीतल्या बारीकशा सरसराटाने, फुंकरीने. तोच ऐकू येत नाही. म्हणून वयस्कर माणूस म्हणतो, "आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत." 'सात हजार' की 'साठ हजार' हे त्याला कळत नाही. अशा वेळी आपण काय करतो? आवाज वाढवतो. म्हणजे जे आधीच ऐकू येतंय तेच आणखी मोठं करतो! त्यात सबवूफर असेल तर त्याची घुमघुम उरल्यासुरल्या व्यंजनांवर पांघरूण घालते. चपट्या टीव्हीचे स्पीकर तर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. शब्द भिंतीवर आपटून मग आपल्यापर्यंत येतात.

डॉक्टरांनी आधी बाबांच्या कानातला मळ काढला, मग तपासणी करून आलेख हातात दिला. डावीकडून सरळ येणारी रेघ उजवीकडे उंच पट्टीला पोहोचताच उतारावरून घसरावी तशी खाली गेली होती. श्रवणयंत्राने फायदा होईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाबा गप्प होते. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "एवढ्यात नको."

मग आम्ही यादी नव्याने लिहिली. शब्द स्वच्छ हवा, खर्ज कमी करता यायला हवा, आणि रिमोटच्या बटणांत न अडकता बाबांना स्वतःला चालवता यायला हवं. दोन पर्याय उरले. एक साउंडबार: टीव्हीखाली ठेवायचा, एक एचडीएमआय वायर जोडायची, काम झालं. फक्त टीव्हीच बघणाऱ्या घराला मी आजही तोच सुचवेन. मात्र त्यात संवाद उठावदार करण्याची सोय आहे ना, हे बघून घ्यावा. दुसरा पर्याय स्टिरिओ: एक साधा अँप्लिफायर आणि दोन 'बुकशेल्फ' स्पीकर. आमच्याकडे कॅसेटी असल्यामुळे आम्ही हा घेतला. अँप्लिफायरवर बेस आणि ट्रेबलची दोन जाड गोल बटणं होती. बेस डावीकडे, ट्रेबल थोडी उजवीकडे. बाबांना चष्म्याशिवाय जमतं.

दुकानात ऐकायला जाताना आपली गाणी आपण न्यावीत. दुकानदार लावतो तो स्फोटांचा चित्रपट. आमच्या दुकानदाराचंही तेच. "मॅडम, आवाज बघा कसा यायलाय!" म्हणत त्याने भिंती हलवल्या. मी म्हटलं, आता बातम्या लावा, आणि आवाज अगदी लहान करा. लहान आवाजात शब्द कळला तर स्पीकर चांगला. मग कुमार गंधर्व लावले. १९२४ साली आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या या गायकाच्या आवाजावर स्पीकर पारखावा, याचा आनंद बेळगावकराला काही वेगळाच! तानपुऱ्याच्या तारेची जवारी वेगळी ऐकू येते का, डग्ग्याचा घुमारा गोल येतो की नुसता 'धब्ब' होतो, गाताना घेतलेला श्वास कळतो का, एवढं बघावं. आणि दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवून घ्यावा. जो किंचित मोठा असतो तो कानाला नेहमी चांगलाच वाटतो, आणि विक्रेत्यांना हे ठाऊक असतं.

यंत्राकडून अशक्य अपेक्षा मात्र ठेवू नये. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावणाऱ्या. त्या काळच्या मुद्रणात जे उतरलंच नाही, ते लाखाचा स्पीकरही आणून देणार नाही. उलट चांगला स्पीकर खरखरही स्वच्छ ऐकवतो!

घरी आणल्यावरचं काम निम्मं असतं, आणि ते जवळजवळ फुकट असतं. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करावा. वरचा छोटा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. नाव बुकशेल्फ असलं तरी शोकेसच्या काचेआड कोंबू नये, कोपऱ्यात तर मुळीच ठेवू नये. कोपऱ्यात खर्ज फुगतो. वायर जोडताना लाल लालला आणि काळी काळ्याला. एकाच स्पीकरची वायर उलटी जोडली गेली तर खर्ज नाहीसा होतो आणि मधोमध उभा राहणारा गायक खोलीभर विरघळून जातो.

आणि खोली! जुन्या कौलारू घरांत लाकडी माळा, भिंतीवर वळकट्या, जमिनीवर घोंगडी असायची. आवाज शोषला जायचा. आता स्लॅब, गुळगुळीत फरशी आणि काचेच्या खिडक्या. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून 'टर्रर' असा आवाज आला, तर आधी जाड पडदा आणि सतरंजी घ्या, मग स्पीकर. पुस्तकांनी भरलेलं कपाटही उपयोगी पडतं. न वाचलेली पुस्तकंसुद्धा आवाज मोडतात.

आमचा हिशेब असा झाला: स्पीकर १०,५००, अँप्लिफायर ८,०००, जाड पडदे २,३००, सुताराकडून दोन स्टँड १,६००, वायर ९००, स्पाइक गार्ड ७००, आणि कानाची तपासणी १,०००. एकूण बरोबर २५,०००. कॅसेट डेक ह्यांच्या मित्राच्या माळ्यावरून मिळाला, तो लाल-पांढऱ्या वायरीने अँप्लिफायरला जोडला. स्पाइक गार्डला फालतू खर्च समजू नका. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज कशी येते-जाते ते सगळ्यांना माहीत आहे. ढग गडगडू लागले की प्लग काढून ठेवणं सगळ्यांत उत्तम. आणि बिघडलं तर दुरुस्ती बेळगावात होते की यंत्र कोल्हापूर किंवा हुबळीला पाठवावं लागतं, हे पैसे मोजण्याआधी विचारावं. जुनं घ्यायचं असेल तर अँप्लिफायर खुशाल घ्या, पण स्पीकरच्या कागदाभोवतीची फोमची कड बोटाने हळूच दाबून बघा. ती वर्षांनी कुजते आणि भुगा होते.

बाबा आता बातम्यांना येतात. आमच्या त्रिकोणाचं तिसरं टोक म्हणजे त्यांची खुर्ची. बातमी देणारा एकटा बोलत असला की त्यांना सगळं कळतं. चर्चेत चार जण एकदम ओरडू लागले की कळत नाही; पण ते आम्हालाही कळत नाही. चित्रपटातले संवाद अजून निम्मे सुटतात, तेव्हा ते नातवाकडे बघतात आणि तो सांगतो. श्रवणयंत्राचा विषय काढला की अजून "बघू" म्हणतात. स्पीकर हे त्या यंत्राला उत्तर नव्हे, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवायला सुरुवात केली आहे.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या खरेदीला निघण्याआधी एक काम करा. घरात कोण, कुठे बसून, काय ऐकतं हे एका कागदावर लिहून काढा. आणि जो माणूस हल्ली तुमच्यात येऊन बसत नाही, त्याचं नाव त्या यादीत सगळ्यांत वर लिहा. दुकानदाराला विचारायचे प्रश्न त्यानंतर आपोआप सुचतील.