जैन जेवण, रात्री साडेआठला?

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात क्लायंटला जेवायला न्यायचं ठरलं की साहेब म्हणतात, "मॅडम, तिथे जैन मिळतं, मग अडचण काय?" अडचण घड्याळाची आहे! डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि माझा चौविहार सुरू होतो. गेल्या खेपेला दोन तास रिकाम्या ताटापुढे बसले, पाण्याचा घोटही न घेता. कामाची खरी बोलणी तिथेच झाली, म्हणून उठताही येईना.

पण साहेबांना काय बोलू? घाटकोपरच्या खाऊगल्लीत रात्री नऊला कच्च्या केळ्याची 'जैन' पावभाजी चापत, कांद्याच्या एका तुकड्यावरून गाडीवाल्यावर डाफरणारे आपलेच ना? कांदा, लसूण, बटाटा वगळला की झालं जैन, हे आपणच शिकवलं.

पुढचं जेवण दुपारी एकला ठेवा, असं लेखी दिलंय. उत्तर अजून नाही.