तिकडं जात विचारत नाहीत म्हणे!

समजा, जव्हार तालुक्यातल्या जामसरची एक वारली पोरगी उद्या लंडनला शिकायला निघाली. लगेच उपदेश सुरू होतील. जाडा कोट घे. काट्याचमच्यानं खायला शीक. तिथली संस्कृती परकी, बावरू नकोस.

आमचा सवाल : तिला परकेपण शिकवणारे तुम्ही कोण? घरची वारली बोली दाराबाहेर ठेवून ती पुस्तकी मराठीच्या वर्गात बसली, त्याच दिवशी तिचा पहिला परदेश सुरू झाला. नागलीच्या भाकरीला नाक मुरडणारं हॉस्टेल हा दुसरा. पावसाळा सरला की आईबाप वीटभट्टीवर, अन् ही दुसऱ्यांच्या भाषेत पेपर लिहितेय. तिथं टिकली ती लंडनच्या थंडीला काय भीक घालणार!

धोका थंडीचा नाही, आशेचा आहे. 'तिकडं कुणी जात विचारत नाही, विमान सुटलं की आपण सुटलो' ही ती आशा.

बाबासाहेब 1913 साली सयाजीरावांची महिना साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप घेऊन न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठात, मग लंडनला माणूस म्हणून वावरले. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच तिकडं पुसून गेली, असं पुढं त्यांनीच लिहिलंय. 1917 ला परतले, नोकरीसाठी बडोद्यात उतरले, तर खोली मिळेना. पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. काठ्या घेऊन आलेल्या टोळक्यानं तिथूनही हाकललं. डिग्री कोलंबियाची, अन् पाठ टेकायला जागा नाही! परदेशानं त्यांची विद्या वाढवली. इथल्या जातीचा केसही वाकडा झाला नाही.

आता तर जातीनंही पासपोर्ट काढलाय. 9 मे 1916 ला कोलंबियात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात बाबासाहेबांनी केतकरांचा इशारा नोंदवला होता : हिंदू जगभर पसरले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. 2023 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सिॲटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात विधिमंडळानं तसंच विधेयक मंजूर केलं, अन् गव्हर्नरनं ते फेटाळलं.

म्हणून जाणाऱ्यानं जात विसरायला जाऊ नये, ती उलगडायला जावं. पण 2022 साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं अनुसूचित जातींच्या परदेशी स्कॉलरशिपच्या नियमांत कलम घुसडलं : भारतीय संस्कृती, इतिहास, समाज यांवरचे विषय चालणार नाहीत. म्हणजे 1916 चा तो निबंध लिहायला निघालेल्या पोराला या नियमानं घरीच बसवलं असतं! अन् आदिवासींसाठी केंद्राच्या योजनेत अख्ख्या देशाला मिळून वर्षाला 20 जागा. पाड्यापाड्यावर वाटायला गेलं तर कपाळाला लावायलाही पुरायच्या नाहीत.

पोरी, तू जा. कुणी जवळ केलं तर हुरळू नकोस, कुणी तोंड फिरवलं तर नवल करू नकोस. वारल्यांवर आजवर दुसऱ्यांनी लिहिलं, आता तू लिही. वीटभट्टीवर लिही, आपल्या बोलीवर लिही. तिथं माणूस म्हणून मिळालेली वागणूक ही कुणाची मेहरबानी नव्हे, हे ध्यानात ठेव अन् परत येऊन ती इथं वसूल कर.

कोट विसरलीस तर तिथं मिळेल. जामसर विसरू नकोस.