वेदान्त आणि पाणवठा

खानदेशांत अमळनेर येथें श्रीमंत प्रतापशेट यांनीं १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलें. गिरणीच्या धंद्यांतला पैसा अद्वैताच्या अभ्यासाकडे लावणारा व्यापारी विरळा, आणि त्या औदार्याविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु व्यापारी वाचकांस आम्ही व्यापाऱ्यांचाच प्रश्न विचारतों: ज्या मालांत आपल्या समाजाचें इतकें भांडवल शतकानुशतकें गुंतलें, त्यांत पदरांत काय पडलें?

सर्व भूतांच्या ठायीं एकच ब्रह्म आहे, भेद दिसतो तो अविद्येमुळें, हें सूत्र महाराष्ट्रांत कीर्तना-प्रवचनांतून शेंकडों वर्षें घोकलें गेलें. आतां १९२७ सालचें महाड आठवावें. रा. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलानें १९२३ सालींच मान्य केला होता. महाड म्युनिसिपालिटीनेंही चवदार तळें अस्पृश्यांस मोकळें केलें होतें, अर्थात् कागदावर. २० मार्च रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी ओंजळभर पाणी प्याले. त्यावर त्या मंडळीस गांवांत मारहाण झाली, आणि पुढें पंचगव्याच्या घागरी ओतून तळें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. त्या घागरी ओतणाऱ्यांच्या कानांवर ब्रह्मैक्याचा शब्द कधीं पडलाच नव्हता काय? तंट्याचा निकाल लागला तो १९३७ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत, मालकी आणि वहिवाट यांचा पुरावा तपासून. त्यांत मायावादाचें कांहीं काम पडलें नाहीं.

विद्वान् मित्र म्हणतात कीं, हा दोष आचरणाचा, तत्त्वाचा नव्हे. परमार्थ वेगळा आणि व्यवहार वेगळा. आमचा खरा आक्षेप या वाटणीवरच आहे. ब्रह्मसूत्रांवरील ज्या शांकरभाष्यांत सर्व भेद मिथ्या ठरतात, त्याच ग्रंथाच्या अपशूद्राधिकरणांत शूद्रास वेदाध्ययनाचा अधिकार नाहीं असें प्रतिपादिलें आहे. (इतिहास-पुराणांच्या वाटेनें ज्ञान मिळविण्याची सवड भाष्यकारांनीं ठेविली आहे, हें न्यायाकरितां सांगितलें पाहिजे.) म्हणजे वह्या दोन: एक देवास दाखवावयाची, दुसरी गिऱ्हाइकासाठीं. असा दुहेरी हिशेब पेढीवर सांपडला तर आपण मुनीमास त्याच दिवशीं घरीं पाठवूं.

आम्हीं स्वतः तरुणपणीं हीं भाष्यें मोठ्या आवडीनें वाचलीं. बुद्धीस धार आली हें खरें. वाद जिंकण्याचें सामर्थ्य वाढलें. परंतु लाज वाटण्याचें सामर्थ्य त्याच प्रमाणांत कमी झालें, कारण दिसेल त्या अन्यायास ‘व्यवहार’ हें नांव देतां येऊं लागलें.

अमळनेरच्या त्याच मंदिरांत साने गुरुजी कांहीं काळ अभ्यासास होते, असा दाखला आमच्याविरुद्ध दिला जातो. पण तेथून ते मुलांच्या शाळेंत गेले. आणि १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपूरचें विठ्ठलमंदिर हरिजनांस उघडें व्हावें म्हणून त्यांनीं उपोषण केलें, त्याचें बीज आम्हांस भाष्यांत दिसत नाहीं. ‘श्यामची आई’ या पुस्तकांत अस्पृश्य म्हातारीची मोळी उचलून देण्याचा प्रसंग आहे. तेथें आई कोणत्याही अधिकरणाचा आधार शोधीत बसली नाहीं.

गेल्या चातुर्मासांत आमच्या पेठेंत वेदान्तावर प्रवचनें झालीं. खर्च व्यापारी मंडळीनें उचलला, श्रोतेही पुष्कळ जमले. संविधानाच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता १९५० सालींच गेली, असें आम्ही समजत होतों. मंडप झाडणाऱ्या माणसाचा चहाचा पेला बाहेर खांबापाशीं वेगळा ठेविलेला होता.