पोती मोजा, मग राशी

उमरेडच्या बाजारात मिरचीची तीन पोती एका बंडीतून उतरली, दोन दुसऱ्या बंडीतून, झाली पाच. शेजारी तांदळाची दोन पोती आली, तर 'सात पोती मिरची-तांदूळ' असे कुणी म्हणत नाही. मिरची मिरचीत, तांदूळ तांदळात. हे सारे रोज पाहणारा मुलगा बैजिक राशी शिकताना वहीत मात्र ३क + २ख = ५कख असे लिहून येतो. लाल फुली बसते आणि 'आपल्याला गणित येत नाही' हे मनात पक्के होते.

दोष मुलाचा नाही. 'सरूप पदांचीच बेरीज करावी' हा नियम आपण त्याच्याकडून घोकून घेतो. त्यामागचे कारण सांगत नाही. फार तर 'आंबे आणि केळी मिसळू नयेत' म्हणतो. ते अर्धेच खरे. 'क' म्हणजे मिरची नव्हे. 'क' म्हणजे मिरचीच्या एका पोत्याचे वजन. सर्व पोती सारख्या वजनाची, म्हणून ३क + २क = ५क. 'ख' हे तांदळाच्या पोत्याचे वजन. आता क = २० किलो आणि ख = ५० किलो धरा. ३क + २ख म्हणजे १६० किलो. ५कख म्हणजे ५,०००! पाच पोत्यांत पाच हजार किलो? मुलगा स्वतःच हसेल, आणि चूक पुन्हा करणार नाही.

क आणि क-वर्ग यांचेही असेच. एक धुऱ्याची लांबी, दुसरे चौरस वावराचे क्षेत्रफळ. बेरीज कशी व्हावी?

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५०च्या 'सिद्धांतशिरोमणी'तील बीजगणितात अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली. एका जातीच्या राशी एकत्र कराव्यात, भिन्न जातीच्या वेगळ्या मांडाव्यात, हे त्यांनी तेव्हाच सांगितले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ काढल्याचा १२०७चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

तेव्हा आज रविवारी मुलाची वही उघडा. नियम म्हणून दाखव, असे सांगू नका. 'अक्षराच्या जागी आकडा घालून बघ बरं,' एवढेच म्हणा. फुली मारण्याचे काम मग त्याचे तोच करील, आणि त्या फुलीची भीती त्याला वाटणार नाही.