चूल आणि सातबारा

इरावती कर्वे यांचे नाव निघाले की मराठी वाचकास ‘युगान्त’ स्मरते. परंतु मुंबईत डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचे पाठ गिरवून, बर्लिनमध्ये मानवी कवट्यांची मापे घेत असता तेथील गुरूच्या वंशविषयक गृहीतास पुरावा मिळत नाही असे निर्भयपणे नमूद करणाऱ्या, आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आयुष्य वेचणाऱ्या या विदुषीकडे लातूर-नांदेडकरांनी निराळ्या कारणासाठी वळावे, असे मला वाटते.

एकत्र कुटुंब कशास म्हणावे, याचा निर्णय १९५३ च्या ग्रंथात त्यांनी छप्पर, चूल, मालमत्ता व देवधर्म यांवरून केला. आणि मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९६९ मध्ये, कन्या जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणाने उठविलेल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली.

आता याच नजरेने किल्लारीकडे पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसे नुकती निजली असता, भूकंपाने हजारो जीव घेतले आणि पुढे ५२ गावे नव्या गावठाणांत वसविण्यात आली. सरकारने घरे बांधून दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु घर २५० चौरस फुटांचे, ४५० चे की ७५० चे, हे महसूल दप्तराने जमिनीच्या धारणेवरून ठरविले. माळवदाच्या वाड्यात एका अंगणाभोवती नांदणाऱ्या भावांची चूल एक की तीन, धाकट्याची सून कोठे निजणार, शेळी कोठे बांधावयाची, हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते. आखीव रस्त्यांच्या नकाशात भावकीची आळी पुष्कळ ठिकाणी पांगली.

कर्वेबाईंच्या मापनप्रेमावर आज आक्षेप घेता येतील, आणि घ्यावेतही. पण पंढरीच्या दिंडीतून स्वतः चालत जाऊन, तेथेही ब्राह्मण व मराठे वेगळ्या पंक्तींत जेवतात हे त्यांनी पाहिले आणि मराठीत लिहिले. विद्वानांसाठी इंग्रजी व ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासाठी मराठी, हा दुहेरी व्यवहार त्यांनी अखेरपर्यंत सांभाळला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भूकंपानंतर वसलेल्या या गावांत मुक्कामास धाडावे, घराघरांतील चुली मोजावयास लावाव्यात, आणि जो वृत्तांत तयार होईल तो मराठीत छापून प्रथम त्या ग्रामपंचायतींच्या हाती द्यावा. यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. लातूरहून किल्लारीस एस.टी. जाते.